डोंगरातील मदतकार्य : निघण्यापूर्वीची तयारी



पावसाळा आला की हिमालयातून एखादी तरी वाईट बातमी येते. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील धराली गावावर खीरगंगेच्या ओढ्याचा लोंढा कोसळला, तेव्हा आपण सर्वांनीच ती दृश्ये पाहिली. अशा वेळी वरच्या वर्गातील मुले-मुली, माजी विद्यार्थी आणि काही पालकही विचारतात, "आपण काही करू शकतो का? आपली एक तुकडी मदतीला पाठवता येईल का?"

हा प्रश्न मनात येणे ही चांगलीच गोष्ट आहे. इंदूरच्या मराठी माणसाला तर हिमालयाची वाट परकी नाही. देवी अहिल्याबाईंनी गंगोत्री, केदार आणि बदरी यांच्या वाटांवर यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. दमलेल्या माणसाला रात्री छप्पर लागेल, याचा विचार त्यांनी माणूस तेथे पोहोचण्याआधीच केला होता. मदत म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यात आहे. मदतीची तयारी गरज पडण्यापूर्वी करायची असते. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

या पाठात आपण उत्तराखंडाचे उदाहरण घेऊन तीन गोष्टी समजून घेऊ. डोंगरातील आपत्ती मैदानी मुलखातील आपत्तीपेक्षा वेगळी का असते, मदतीला जाणाऱ्याने कोणती तयारी करावी, आणि जाऊ न शकणाऱ्यांनी काय करावे.

डोंगर असा का वागतो?

हिमालय हा वयाने तरुण पर्वत आहे. भारतीय भूखंडाचा थर अजूनही उत्तरेकडे सरकतो आहे आणि तिबेटच्या बाजूच्या थराखाली शिरतो आहे. त्यामुळे तेथील खडक चेपलेले, मोडलेले आणि भेगाळलेले आहेत. साठलेला ताण अधूनमधून भूकंपाच्या रूपाने मोकळा होतो. २० ऑक्टोबर १९९१ च्या पहाटे उत्तरकाशीला ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात ७०० हून अधिक माणसे दगावली. लोक झोपेत होते आणि दगडी भिंती व पाटीच्या दगडाची जड छपरे त्यांच्या अंगावर आली. २९ मार्च १९९९ रोजी मध्यरात्रीनंतर चमोलीला भूकंप झाला. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे ९,००० माणसे गेली. त्यानंतर १२ मे रोजी पुन्हा ७.३ तीव्रतेचा धक्का बसला. एकदा भूकंप झाला म्हणजे धोका संपला असे नसते, हे मदतीला जाणाऱ्याने पक्के लक्षात ठेवावे.

दुसरे कारण पाणी. उभ्या उतारावर पडलेला पाऊस थांबत नाही. तो माती, दगड आणि झाडे घेऊन खाली येतो. गढवालात अशा लहान ओढ्याला 'गदेरा' म्हणतात. एरवी उडी मारून ओलांडता येईल असा गदेरा तासाभरात घर वाहून नेऊ शकतो.

जून २०१३ मध्ये केदारनाथला काय झाले ते पाहा. १५ ते १७ जून या दिवसांत अतोनात पाऊस पडला. वर बर्फ वितळत होता. केदारनाथच्या वरच्या अंगाला चोराबारी हिमनदीच्या कडेला एक तळे होते. त्याला गांधी सरोवर असेही म्हणत. १७ जूनच्या सकाळी त्या तळ्याचा बांध फुटला आणि पाणी व दगडगोट्यांचा लोंढा केदारपुरीवर आला. मंदिराच्या मागे एक मोठी शिळा येऊन अडली, प्रवाह दुभंगला आणि मंदिर वाचले. भोवतालची वस्ती मात्र उद्ध्वस्त झाली. गौरीकुंडाहून केदारनाथला जाणारी पायवाट जागोजागी तुटली आणि वाटेवरचे रामबाडा हे ठाणे नाहीसेच झाले. हजारो माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. सैन्य, वायुदल, भारत-तिबेट सीमा पोलीस आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी एक लाखाहून अधिक लोकांना बाहेर काढले. या कामात २५ जून रोजी गौरीकुंडाजवळ वायुदलाचे एक हेलिकॉप्टर कोसळले आणि त्यातील सर्व २० जण मृत्युमुखी पडले. ही माणसे कसलेली, शिकलेली होती. तरीही डोंगराने त्यांना सोडले नाही.

मैदानातील पूर आणि डोंगरातील आपत्ती

आपल्याकडे नर्मदेला पूर आला तर एक रस्ता बंद होतो, पण दुसरीकडून वळसा घालून जाता येते. डोंगरात बहुतेक ठिकाणी नदीच्या काठाने जाणारा एकच रस्ता असतो. तो तुटला की पलीकडची सर्व गावे एकदम तुटतात. मग उरते ते चालणे किंवा हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टरलाही ढग उघडे लागतात.

म्हणून एक हिशेब प्रत्येकाने समजून घ्यावा. आपत्तीनंतर त्या खोऱ्यात रस्ता, अन्न, पाणी, निवारा आणि इंधन या पाचही गोष्टी मोजक्या उरलेल्या असतात. तेथे गेलेला प्रत्येक नवा माणूस यांतले थोडे थोडे वापरतो. दहा जणांची तयारी नसलेली तुकडी गेली, तर तिला रोज वीस-तीस जेवणे, दहा जणांची झोपण्याची जागा आणि एक वाहन लागेल. त्यातला एक आजारी पडला तर त्याला खाली आणायला चार माणसे लागतील. ती चार माणसे कोणाच्या तरी वाट्याची असतील. मदतीला गेलेला माणूस स्वतःच मदत मागू लागला, तर न गेलेला बरा.

म्हणून निघण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला, तेथील लोकांना किंवा प्रशिक्षित दलांना जे जमत नाही असे मला काय येते? दुसरा, मी माझे खाणे-पिणे, झोपणे आणि औषधपाणी स्वतः सांभाळू शकतो का? दोन्हींची उत्तरे स्पष्ट देता आली तरच पुढचा विचार करावा.

मदतीचे तीन टप्पे

पहिला टप्पा बचावाचा. यात ढिगाऱ्याखालून माणसे काढणे, जखमींना हलवणे आणि अडकलेल्यांना बाहेर आणणे ही कामे येतात. हे पहिले काही दिवस असतात. या कामात सर्वांत आधी हात लावतात ते शेजारी आणि गावकरीच. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा ही गोष्ट बाहेर कळली ती नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. गाव जागेवर दिसत नाही, हे त्याच्या लक्षात आले. गावकऱ्यांनंतर येतात ती प्रशिक्षित दले. बाहेरच्या हौशी माणसाला या टप्प्यात स्थान नाही.

दुसरा टप्पा मदतीचा. तात्पुरता निवारा, जेवण, पाणी, स्वच्छता आणि औषधोपचार. हे काही आठवडे चालते. येथे प्रशासनाने किंवा स्थानिक संस्थेने बोलावल्यास डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाकी, वीजतंत्री, नळजोडणी करणारे आणि हिशेब ठेवणारे उपयोगी पडतात.

तिसरा टप्पा पुनर्वसनाचा. हा महिने आणि वर्षे चालतो. बातमीदार परत गेलेले असतात, मदतीचा ओघ आटलेला असतो आणि खरी अडचण तेव्हाच सुरू होते. केदारनाथच्या वाटेवर खेचरे हाकणारे, दुकानात काम करणारे, पूजाअर्चा करणारे बहुतेक मंदाकिनी खोऱ्यातील गावांचे होते. सुटीत चार पैसे मिळवायला गेलेली शाळकरी मुलेही त्यांत होती. काही गावांत घरटी कमावता माणूस गेला. तेथील स्त्रियांना रोजगार हवा होता, मुलांना शिकवणी हवी होती, सरकारी अर्ज भरून देणारे कोणीतरी हवे होते. साध्या स्वयंसेवकाचे काम खरे तर येथे आहे. पण येथे फारच थोडे लोक पोहोचतात.

शरीराची तयारी

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. केदारनाथ ३,५८३ मीटरवर. साडेतीन हजार मीटरवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश असतो. २,५०० मीटरच्या वर घाईने गेल्यास कोणालाही उंचीचा त्रास होऊ शकतो. डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे, फार थकवा ही त्याची लक्षणे. हा त्रास अशक्त माणसालाच होतो, हा समज चुकीचा आहे. धट्टेकट्टे तरुण घाई करतात म्हणून त्यांनाही तो होतो.

नियम सोपे आहेत. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंचावर करू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. लक्षणे दिसली तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही गंभीर लक्षणे आहेत. अशा वेळी ताबडतोब, रात्र असली तरी सोबतीने, माणसाला खाली उतरवावे. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

मात्र बहुतेक गावे एक ते दोन हजार मीटरच्या दरम्यान आहेत. तेथे उंचीपेक्षा पाऊस, थंडी, घसरण आणि दूषित पाणी यांचीच भीती जास्त. त्यासाठी आठ-दहा आठवडे आधीपासून सराव करावा :

१. रोज तासभर भरभर चालावे. आठवड्यातून दोनदा पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन जिने चढावे-उतरावे. उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, म्हणून उतरण्याचा सराव विसरू नये.

२. नवे बूट डोंगरात प्रथम घालू नयेत. महिनाभर आधी वापरून पायाला बसवून घ्यावेत.

३. डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी. दम, हृदयविकार, मधुमेह, फिट येणे यांपैकी काही असल्यास लपवू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. दातांचे दुखणे आधीच निस्तरावे.

४. प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यावे. रेडक्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्स यांचे वर्ग शहरात भरतात. रक्तस्राव थांबवणे, मोडलेल्या हाडाला आधार देणे आणि थंडीने गारठलेल्याला ऊब देणे एवढे तरी हाताला सवयीचे असावे.

ज्यांना याच्या पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. ती १९६५ मध्ये स्थापन झाली. तेथे प्राथमिक, प्रगत आणि शोध व बचाव असे अभ्यासक्रम चालतात. २०१३ नंतर केदारनाथची वाट पुन्हा उभारण्यात या संस्थेच्या लोकांचा मोठा वाटा होता. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'आपदा मित्र' योजनेत १८ वर्षांवरील स्वयंसेवकांना १२ दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले. असे प्रशिक्षण आपल्या जिल्ह्यात केव्हा होते, याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी.

सॅकमध्ये काय असावे?

सामान थोडे, पण स्वतःपुरते पूर्ण असावे. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातील ऊब शोषून घेतो. म्हणून आतून लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर चांगला रेनकोट घ्यावा. कानटोपी, हातमोजे आणि मोज्यांचे तीन-चार जोड हवेत. झोपण्याची पिशवी, खाली घालायला प्लास्टिकचा कागद, डोक्याला बांधायची विजेरी व जादा सेल, शिट्टी, पाण्याची बाटली, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटे आणि स्वतःची औषधे घ्यावीत. ओळखपत्राची प्रत, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. पैसे सुट्या नोटांत घ्यावेत, कारण वीज नसली की यंत्रे चालत नाहीत.

खाण्यासाठी न शिजवता चालतील असे पदार्थ तीन दिवसांचे तरी हवेत. सातूचे पीठ, गूळ-शेंगदाणे, भाजलेले चणे, खाकरे आणि सुका मेवा. याबाबतीत आपल्या आजी-पणजींचे प्रवासाचे डबे अजूनही उत्तम.

थोडे विज्ञान, थोडे गणित

साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ८८ अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणून तेथे उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही, कुकर लागतो. पिण्याचे पाणी मात्र उकळून निर्धोक करता येते. २,००० मीटरच्या वर ते खळखळ उकळू लागल्यावर तीन मिनिटे उकळत ठेवावे.

मदतछावणीसाठी जगभर 'स्फिअर' या नावाने ओळखले जाणारे मानदंड वापरतात. त्यांनुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा आणि २० माणसांमागे किमान एक शौचालय लागते. थंड प्रदेशात जागा याहून जास्त हवी. आता २०० माणसांची छावणी समजा. तिला रोज ३,००० लिटर पाणी, ७०० चौरस मीटर जागा आणि १० शौचालये लागतील. १५ लिटरच्या बादलीने पाणी आणायचे तर रोज २०० खेपा होतील. झरा अर्धा किलोमीटर दूर आणि वाट चढाची असेल, तर ही पाणी आणणारी माणसे कोण? पहाडात हे काम बहुधा स्त्रियांवर पडते. एवढा हिशेब केला की कळते, पाइप जोडून देणारा एक कारागीर कपड्यांच्या दहा गाठोड्यांपेक्षा मोलाचा आहे.

काय पाठवावे, काय पाठवू नये

जुने कपडे पाठवू नयेत. ते उतरवायला, निवडायला आणि ठेवायला माणसे व जागा लागते. पहाडी स्त्रिया शेतात आणि जंगलात ज्या पोशाखात वावरतात, त्यात आपल्या जुन्या साड्यांचा उपयोग होत नाही. मुदत संपलेली किंवा उघडलेली औषधे पाठवू नयेत. तान्ह्या मुलांची दुधाची पावडर डॉक्टरांच्या मागणीशिवाय पाठवू नये. दूषित पाण्यात ती कालवली की जुलाब होतात, आणि आईचे दूध सुटण्याचा धोका वेगळाच.

मागणी आल्यावर मागितले तेवढेच पाठवावे. प्रत्येक खोक्यात एकाच प्रकारची वस्तू असावी आणि वर हिंदीत स्पष्ट यादी चिकटवावी. सहसा पैसे पाठवणे अधिक बरे. त्या पैशातून जवळच्या बाजारात खरेदी झाली, तर तेथील दुकानदारही पुन्हा उभा राहतो. धान्यच द्यायचे तर तेथे काय खातात हे विचारावे. गढवालातील मंडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे आपले कुळीथ. आपण वाटतो तितके ते लोक आपल्याला परके नाहीत.

वागण्याची रीत

ज्याचे घर गेले तो भिकारी नाही. तो आपल्यासारखाच घरदार असलेला माणूस आहे, फक्त आज त्याच्यावर वेळ आली आहे. त्याच्याशी 'आप' म्हणूनच बोलावे. विचारल्याशिवाय फोटो काढू नये, विशेषतः मुलांचे आणि रडणाऱ्या माणसांचे. "काय झाले ते सांगा" असा आग्रह धरू नये. तो स्वतःहून बोलला तर मधे न बोलता ऐकावे. "सर्व ठीक होईल" असे आश्वासन देऊ नये, कारण ते आपल्या हातात नसते. "पुन्हा येईन", "पैसे पाठवीन" असे शब्द तर जपूनच वापरावेत. मानसिक प्रथमोपचारात तीन पायऱ्या सांगतात. परिस्थिती पाहा, माणसाचे ऐका, आणि त्याला योग्य मदतीशी जोडून द्या. एवढे जमले तरी पुष्कळ.

तुकडीत स्त्रिया असाव्यात. पाळीच्या दिवसांतील अडचणी, गरोदरपण, छावणीतील असुरक्षितता या गोष्टी स्त्रिया पुरुषांना सांगत नाहीत. एकटे सापडलेले मूल कोणाच्याही स्वाधीन करू नये. पोलिसांना किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.

आणि स्थानिक माणसाचे ऐकावे. ओढ्याचे पाणी एकाएकी कमी झाले, गढूळ झाले किंवा वरून घरघर ऐकू आली, तर वर कोठेतरी पाणी तुंबले आहे असे समजून तो लगेच उंचावर जायला सांगेल. तेव्हा सामान गोळा करत बसू नये.

एक उदाहरण : मदतीतून उमगलेले शहाणपण

२० जुलै १९७० रोजी अलकनंदेला मोठा पूर आला. बेलाकुची हे गाव वाहून गेले. गाळ थेट हरिद्वारच्या गंगा कालव्यापर्यंत जाऊन साचला. गोपेश्वरच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाचे कार्यकर्ते चंडीप्रसाद भट्ट यांच्याबरोबर मदतीला गावोगाव हिंडले. धान्य वाटता वाटता त्यांनी डोंगरही पाहिले. वरच्या उतारावरची झाडे जेथे तोडली गेली होती, तेथेच दरडी अधिक कोसळल्या होत्या. या निरीक्षणातून पुढे चिपको आंदोलनाला बळ मिळाले. २६ मार्च १९७४ रोजी रैणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतच्या स्त्रियांनी झाडांना कवटाळून जंगल वाचवले. भट्ट यांना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे त्यांच्या शिबिरांत गावकऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांनीही उघड्या उतारांवर झाडे लावली.

हे लोक धान्य वाटून परत गेले नाहीत. असे का झाले, हे त्यांनी विचारले. मदतकार्यातील शिक्षण ते हेच. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी याच रैणी गावाजवळ ऋषिगंगेला प्रलयंकारी लोंढा आला आणि २०० हून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. प्रश्न अजून संपलेला नाही.

पालक आणि विश्वस्त यांच्यासाठी

अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांना आपत्तीच्या जागी पाठवू नये. त्यांचा उत्साह कितीही असला तरी ही जबाबदारी मोठ्यांची आहे. माजी विद्यार्थ्यांची तुकडी पाठवायची झाल्यास पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. जिल्हा प्रशासन किंवा तेथे कायम काम करणाऱ्या संस्थेचे लेखी बोलावणे आहे का? बोलावणे नसेल तर जाऊ नये.

२. तुकडी आठ ते बारा जणांची असावी. एक प्रमुख, एक वैद्यकीय जाणकार आणि एक हिशेबनीस ठरलेला असावा. प्रमुखाने "परत फिरा" म्हटले की वाद घालू नये.

३. प्रत्येकाचा विमा, तपासणी अहवाल आणि घरच्यांची संमती शाळेच्या दप्तरी असावी.

४. परतीचा दिवस आधीच ठरवावा आणि दरड आल्यास हाताशी दोन-तीन दिवस ठेवावेत. रात्री डोंगरी रस्त्याने वाहन नेऊ नये.

५. निरोपाची रीत ठरवावी. डोंगरात एक-दोन दिवस फोन न लागणे नेहमीचे आहे. तुकडीने शाळेतील एकाच व्यक्तीला कळवावे आणि तिने सर्व घरी सांगावे. संकटात ११२, राज्य नियंत्रण कक्षासाठी १०७० आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आहेत.

६. जमलेल्या आणि खर्चलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब शाळेच्या फलकावर लावावा.

परतल्यावर काही दिवस झोप न लागणे, चिडचिड होणे, गप्प राहणे असे होऊ शकते. घरच्यांनी खोदून खोदून विचारू नये. महिनाभराने तसेच राहिले तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जे जाणार नाहीत त्यांचे काम

न जाणाऱ्यांचे काम कमी प्रतीचे नाही. निधी गोळा करणे, याद्या करणे, फोन सांभाळणे, हिशेब लिहिणे, १८ वर्षांवरील असल्यास रक्तदान करणे ही सर्व मदतकार्याचीच अंगे आहेत. शाळेने तेथील एखाद्या शाळेशी दोन-तीन वर्षांचे नाते जोडले, पत्रे आणि पुस्तके पाठवली, वाचनालयाला हातभार लावला, तर ती मदत बातम्या थांबल्यावरही चालू राहील. तिसऱ्या टप्प्यात हीच मदत लागते.

स्वाध्याय

१. आपत्तीनंतर डोंगराळ भागात कोणत्या पाच गोष्टी मोजक्या उरतात? त्यांचा स्वयंसेवकांच्या संख्येशी संबंध स्पष्ट करा.

२. ३५० माणसांच्या छावणीला रोज किती पाणी, किती जागा आणि किती शौचालये लागतील? अपूर्णांक आल्यास वरचा पूर्णांक का घ्यावा?

३. उंचावर डाळ शिजायला वेळ का लागतो? कुकरमध्ये ती का शिजते?

४. बचाव, मदत आणि पुनर्वसन यांपैकी कोणत्या टप्प्यात तुमच्या घरातील कोणाचे कौशल्य उपयोगी पडेल? आई, बाबा, आजी, आजोबा, दादा, ताई यांना विचारून लिहा.

५. माळीण आणि केदारनाथ येथील आपत्तींत सारखे काय होते आणि वेगळे काय होते?

६. घरी सर्वांनी मिळून एक सॅक भरा. ती पाठीवर घेऊन तीन मजले चढा-उतरा. मग त्यातली कोणती वस्तू काढावीशी वाटली आणि कोणती मुळीच काढता येणार नाही, ते कारणांसह लिहा.

उत्तरे दिवाळीच्या सुटीनंतर वर्गशिक्षकांकडे द्यावीत. सहाव्या प्रश्नाचे उत्तर पालकांनीही लिहिल्यास आनंद होईल.